वीबेसाठी रायफल

वीबे पोस्टमा दुकानात शिरला तेव्हा मी काडतुसांची खोकी फळीवर लावत होते. योस्ट गेल्यापासून तो माझा उंबरा चढला नव्हता. बंदुकीचं काही काम निघालं तर खालच्या गावी जायचा. तेवढी लाज त्याला होती. आता तीही संपली असावी.

"कॉफी आहे का गं, रेन्स्के?"

"आहे," मी म्हटलं आणि जागची हलले नाही.

योस्ट माझा धाकटा भाऊ. या वीबेबरोबर मॅकरेच्या सुळक्यावर पांढरा डोंगरी रानबोकड मारायला गेला आणि तिथेच राहिला. आमच्या खोऱ्यात बोकडाच्या शिकारीला कुणी एकटं जात नाही. जोडीदार पडला तर आधी माणूस खाली आणायचा, शिंगं गेली खड्ड्यात. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. योस्टचा पाय मोडला, तर वीबेने त्याला एका कपारीत बसवलं, अंगावर कोट टाकला आणि स्वतः बोकडाचं कातडं आणि शिंगं पाठीवर घेऊन खाली उतरला. त्या ओझ्यापायी वाटेतच अंधार पडला. वर बर्फ पडला. माणसं पोचली तेव्हा योस्ट गोठला होता. चौकशीत अपघात ठरला. शिंगं वीबेच्या बैठकीच्या भिंतीवर आहेत आणि तो ती आल्यागेल्याला दाखवतो.

पाद्री म्हणतात, क्षमा कर. पाद्रींचे तिन्ही भाऊ जिवंत आहेत. मी डूख धरून आहे आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही.

"सोडतीत माझं नाव निघालं," वीबे म्हणाला. "बोकडाचा परवाना. मॅकरेचा सुळका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोंगर काय कमी आहेत इथे? अर्जात डोंगर आपणच लिहायचा असतो. याने तोच लिहिला होता.

"जुनी रायफल जड होते आता. गुडघे बोलायला लागलेत."

"ओझी वाहून वाहून झालं असेल तसं."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी दोनशे सत्तर कॅलिबरची एक हलकी रायफल काउंटरवर ठेवली. छोटी नळी, पावसाळी हवेत न फुगणारा प्लास्टिकचा दस्ता. दिसायला अगदी सामान्य, पण मला कुणी विचारलं तर मी हीच नेईन. वीबेने ती उचलली, खांद्याला लावली आणि नाक मुरडलं.

"खेळणं वाटतं गं. याने बोकड पडेल?"

"बोकड कशानेच पडत नाही लगेच. गोळी लागली तरी उभा राहतो आणि जीव जायच्या आत कड्याकडे चालायला लागतो. दुसरी गोळी ताबडतोब आणि नेमकी बसली पाहिजे. तुला का मी शिकवू?"

"म्हणून तर म्हणतो, जरा दमदार काहीतरी दाखव."

तेव्हा मला मागच्या खोलीतली आठवली. तीनशे मॅग्नम, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बघत राहावं अशी देखणी. खोड एकच. लाकूड फुगलं होतं. पहिली गोळी सरळ जायची. मग तापलेली नळी लाकडाला टेकायची आणि दुसरी गोळी हातभर बाजूला. दुरुस्तीसाठीच मी ती आत ठेवली होती.

मी आत गेले, तिच्यावरची धूळ पुसली आणि बाहेर घेऊन आले.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. पहिल्या गोळीने बोकड जखमी व्हावा, दुसरी चुकावी, बोकड कड्यावरून खाली जावा आणि त्याच्यामागे वीबेने उतरावं. तो उतरला असता. शिंगांसाठी हा माणूस कुठेही उतरेल. पुढचं डोंगराने बघून घेतलं असतं.

"वा!" वीबे लाकडावरून हात फिरवत म्हणाला. "ही लपवून ठेवली होतीस होय माझ्यापासून?"

"चांगलं गिऱ्हाईक यायची वाट बघत होते."

तो हसला. नळी आणि लाकूड यांच्यात कागदाची पट्टी सरकते का, एवढंही त्याने पाहिलं नाही. मी रायफल पेटीत ठेवली, पट्टे आवळले, काडतुसं काढली. मग मला राहवलं नाही. गावात याच्याबरोबर बोकडाला कुणी जाणार नाही हे माहीत होतं, आणि ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"जोडीला कोण मिळालं रे?"

"ब्राम."

"कोण ब्राम?"

"अगं, तुमचाच ब्राम. योस्टचा मुलगा. स्वतःहून घरी आला. म्हणाला, वीबेकाका, मी येतो तुमच्याबरोबर." त्याचे डोळे चक्क पाणावले होते. "मन मोठं आहे गं पोराचं. बोकड खाली पडला तर मी उतरेन म्हणाला. माझे गुडघे बघतेस ना."

मी पेटीवरचा हात उचलला. म्हणजे वीबेची दुसरी गोळी चुकली की कड्यावरून ब्राम उतरणार होता. मी योस्टच्याच लेकराला खाली पाठवत होते.

आणि तेवढंच नव्हतं. गेल्या आठवड्यात ब्राम माझ्याकडे आला होता. बाबा नेमके कुठल्या कपारीत सापडले, आत्या? माणसांकडून ऐकलेली वाट, ओढा, कपार सगळं मी त्याला कागदावर काढून दिलं. वाटलं, पोराला बापाची जागा बघायची आहे. आता डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाला बघून ब्राम रस्ता ओलांडायचा, त्याला तो काका म्हणाला होता. त्याला वीबेला वर नेऊन सोडून यायचं होतं, जसं त्याच्या बापाला सोडलं तसं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पोरगा माझ्यावर गेलाय.

वीबे मेला असता तर मी रडले नसते. पण ब्रामचं अजून लग्न व्हायचंय, सगळं आयुष्य पडलंय. त्याने हे पाप पाठीवर घेऊन जगायचं? माझं मी बघितलं असतं. त्याचं मला बघवलं नसतं.

मी पेटी उघडली.

"ही नको. हिची नळी लाकडाला टेकते. दुसरी गोळी चुकते."

"मग दाखवलीस कशाला?"

"तू मरावास म्हणून."

वीबे हसायला लागला. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला.

"ही दोनशे सत्तर घे," मी म्हटलं. "चांगली आहे, वचन देते. आणि ब्राम येणार नाही."

"अगं, पण त्यानेच…"

"मी सांगते ना, येणार नाही. त्याच्याशी मी बोलेन."

"मग मी एकटा जाऊ की काय?"

"मी येते."

"मला ती कपार बघायचीय," मी म्हटलं. "तिथे बसून तू मला सांगायचंस, शिंगं पाठीवर घेतलीस तेव्हा योस्ट काय म्हणाला. चौकशीत तू सांगितलं नाहीस. तो शुद्धीत होता, वीबे. काहीतरी म्हणाला असेलच."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "नसेल जायचं मला तर?"

"नको जाऊस. परवाना फुकट जाईल. पुन्हा तुझं नाव निघेपर्यंत गुडघे टिकले तर बघ."

तो दाराकडे बघत राहिला. मला वाटलं, आता जाईल. पण तो वीबे होता. सुळक्यावरची शिंगं त्याला माझ्यापेक्षा मोठी दिसत होती.

"शनिवारी पहाटे निघू," तो खाली मान घालून म्हणाला. मग माझा हात भिंतीवरच्या रायफलीकडे गेलेला त्याने पाहिला. "तू कशाला घेतेस? बोकड एकच मारायचाय."

"बोकडाच्या डोंगरावर रिकाम्या हाताने कोण जातं रे?"

मी माझ्यासाठीही तसलीच दोनशे सत्तर काढली, त्याच्यासमोर चाप दाबून पाहिला, दुर्बीण पुसली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याला मारणार नव्हते. पण हे त्याला सांगायची मला काही घाई नव्हती.