डोळ्यांमधली फट

१. अंग हिरवट-निळं, चकचकीत. डोळे मोठे, विटकरी: मढ्यावर येणारी माशी. पुढे २.
(साधी घरमाशी असेल तर इथेच थांबा.)

थांबले नाही.

दीपक, माझा धाकटा भाऊ, इथला चिकू उतरवणारा. बोर्डीच्या चिकूवाडीत, पंपघरामागच्या चरात पालथा. वर झाडाची फांदी मोडलेली. मंगळवार, सकाळचे सात. मे, २०१६.

"शनिवारपासून कामावर नाय तो," मुकादम प्रल्हाद हवालदारांना सांगत होता. "पिऊन पडला असंल. वाडीचा काय संबंध?"

हवालदारांनी मृत्यूचा दिवस लिहिला: शनिवार.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. नऊ वर्षं असल्याच क्रमांकांच्या तक्त्यावरून माशा ओळखते, वेगळ्या करून बाटल्यांत भरते. किल्ल्यांच्या जुडग्याला भिंग असतं. खाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं.

२. डोळे मध्ये टेकलेले: नर. डोळ्यांमध्ये फट: मादी.

फट.
फट.
फट.
उडाली.
फट.

सगळ्या माद्या. अंडी घालायला आलेल्या.

"साहेब, शनिवार लिहू नका."

"का बरं?"

"त्याच्या कानामागे बघा. पांढरं."

"भुसा आहे."

"अंडी आहेत. या उन्हात एका दिवसात फुटतात. शनिवारी मेला असता तर आत्ता इथे तांदळाहून मोठ्या अळ्या वळवळल्या असत्या."

प्रल्हाद हसला. "माश्या साक्ष देणार काय, ताई? सही कुठं करतील? पायानं?"

३. अळ्या असतील तर त्यांची लांबी

नाहीत. ३ गाळा.

"काल संध्याकाळपर्यंत तो जिवंत होता," मी म्हणाले. आवाज वर्गात सूचना द्यावी तसा निघाला. "काल इथे झाडावर चढला आणि पडला. मला लिहून द्यायचंय. कागद द्या."

हवालदारांनी वहीतला कागद फाडला. प्रल्हाद मध्ये आला.

"काय लिहून देते? काल चहाआधीच तो झाडावरून उतरला होता! मी सोता खाली उभा होतो!"

हवालदारांचं पेन थांबलं.

"काल म्हणजे सोमवार ना, मुकादम?"

प्रल्हाद चिकूच्या करंड्या उचलायला वळला.

शनिवार खोडला गेला. वर सोमवार. बाजूला हवालदारांची छोटी सही.

"आता झाकू का त्याला?" मी विचारलं.

"झाका, ताई."

ओढणी पसरली. माशा लगेच उठल्या नाहीत.