दोन लांब हॉर्न

निघण्याआधी प्रतिमाने वडिलांकडून दोनदा वदवून घेतलं.

"बाबा, रस्त्यात कुणी हात केला, कुणी आडवं पडलेलं दिसलं, तरी थांबायचं नाही. स्वरदा थांबायला लागली तर तुम्ही तिला थांबू द्यायचं नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. शब्द द्या."

"दिला बाई," असं म्हणून बाळकृष्ण नानांनी लाल मफलर कानांवरून घेतला आणि वरून हेल्मेट चढवलं.

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या त्यांच्या इमारतीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच व्हिडिओ फिरत होता. धुक्यात एक मोटरसायकल तिरकी उभी, शेजारी जमिनीवर बसलेली बाई, मदतीला थांबलेला एक भला माणूस, आणि मग झुडपांतून बाहेर आलेले चौघे. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाहिला सगळ्यांनी होता, आणि पाहिल्यापासून नानांना झोप नीट लागत नव्हती. सत्तरी उलटली की माणूस स्वतःसाठी फारसा घाबरत नाही. घाबरतो तो पोरांसाठी.

स्वरदा त्यांची नात, प्रतिमाची मुलगी. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. जन्मापासून लखनौत वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. तिचे वडील हवाई दलात होते आणि सध्या जोधपूरला होते. आज नऊ वाजता तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कॉलेज शहराबाहेर, आणि धुक्यामुळे कॉलेजची बस रद्द झाल्याचा निरोप सकाळी सहाला आला. एकटीला सोडायला प्रतिमा तयार नव्हती, म्हणून नाना स्कूटरवर मागे बसले. मागे बसून ते नक्की काय करणार होते, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

सात वाजून गेले होते, पण उजाडल्याची खूण नव्हती. स्कूटरचा दिवा समोरच्या पांढऱ्यात चार हात शिरायचा आणि तिथेच विरायचा. वस्ती मागे पडली, रुंद रस्ता लागला, तशा दोन्ही बाजू नाहीशा झाल्या. उजवीकडून एखादा ट्रक जायचा तेव्हा आधी आवाज यायचा, मग वारा, आणि सगळ्यात शेवटी ट्रक.

"हळू चालव गं."

"नाना, तीस पर चल रही हूँ. इससे स्लो तो सायकल चलती है."

"मग सायकलसारखी चालव."

ती हसली. त्याच वेळी समोर काहीतरी दिसलं.

आधी एक हलणारा हात, मग माणूस. रस्त्याच्या डाव्या पट्ट्यातच एक मोटरसायकल तिरकी उभी होती. तिला एका हाताने धरून तो माणूस दुसरा हात वर हलवत होता, आणि त्या हातात लोखंडाचं काहीतरी होतं. त्याच्या पायाशी एक गठुळं पडलं होतं.

नानांना व्हिडिओ आठवला. हुबेहूब तेच. तशीच गाडी, तसंच धुकं.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "चल. चल पुढे."

स्वरदाने वेग कमी केला होता. नानांनी तिच्या खांद्यावर थाप मारली, जरा जोरातच. स्कूटर त्या माणसाला वळसा घालून पुढे गेली. तो काहीतरी ओरडला. शब्द कळले नाहीत.

स्कूटर पुढे जात राहिली. मग स्वरदा म्हणाली, "नाना, नीचे कोई औरत थी."

"व्हिडिओतही होती."

"हिल नहीं रही थी."

अजून थोडं अंतर गेलं असेल, आणि स्वरदाने एकदम मराठीत, शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द जुळवत विचारलं, "गाडी थांबली, की गार्डाचं पहिलं काम काय?"

हा प्रश्न नानांचाच होता. मिरजेकडच्या मार्गावर चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीचा गार्ड म्हणून काढली होती. ती पाच वर्षांची असताना घरातल्या चार खुर्च्या एकामागे एक लावून ते आगगाडी करायचे. स्वरदा पुढे ड्रायव्हर, नाना मागे गार्ड. गाडी मध्येच थांबली की ते विचारायचे, गार्डाचं पहिलं काम काय? मागे जायचं, ती सांगायची. का? कारण मागून दुसरी गाडी येतेय, आणि तिला माहीतच नाही की आपण इथे उभे आहोत. मग नाना लाल रुमाल घेऊन पार स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचे, आणि तिने तोंडाने दोन लांब शिट्ट्या दिल्याशिवाय परत यायचे नाहीत. कधी कधी ती मुद्दाम विसरायची. नाना ओट्यापाशी उभे राहायचे ते राहायचेच.

"नाना?"

"थांब," नाना म्हणाले. "पूर्ण खाली घे, मातीत. दोन्ही इंडिकेटर लाव."

स्कूटर कडेच्या मातीत उभी करून दोघं मागे चालू लागले. नानांनी तिचा दंड घट्ट धरला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी कोटाच्या खिशातली चंची चाचपली आणि आतून अडकित्ता काढला. तोंडात दात उरले होते मोजून नऊ, तरी सुपारी सुटली नव्हती, आणि त्यावरून प्रतिमाची बोलणी रोजची होती. आत्ता मात्र अंगावर लोखंड म्हणून एवढंच होतं. त्यांनी तो मुठीत धरला. झुडपं कुठे आहेत ते त्यांना दिसत नव्हतं. म्हणजे चौघे कुठेही असू शकत होते.

तेवढ्यात पुढे धुक्यात ब्रेक करकचले. लांबलचक हॉर्न, शिव्या, आणि एक पिकअप गाडी त्यांच्या अगदी जवळून निघून गेली. नाना जागीच थिजले. धडक झाली नव्हती. या वेळी.

"वहीं रुको," समोरून आवाज आला. "पास मत आना. कितने लोग हो?"

नानांना क्षणभर उमगेना. मग दिसलं, चाळिशीतला तो माणूस एका हाताने मोटरसायकल सावरत उभा होता, दुसऱ्या हातातला पाना त्याने उगारला होता, आणि त्याची नजर नानांच्या मुठीवर होती.

"दो," नाना म्हणाले. "मैं और मेरी नातिन."

"हाथ में क्या है?"

नानांनी मूठ उघडली. "सरौता."

मग खालून, त्या गठुळ्यातून, बाईचा घोगरा आवाज आला. "सरौता है तो काट दो ना."

स्वरदा धावलीच. नाना तिच्या मागे गेले. बाईने शाल गळ्याभोवती दोन वेढे देऊन पाठीमागे गाठ मारली होती. शालीचं टोक साखळीत गेलं होतं, तिथून चाकात, आणि चाकाने ते ओढत ओढत तिला खाली आणलं होतं. मान चाकाच्या आरीला टेकली होती. बोटं शालीखाली घालून तिने श्वासापुरती जागा ठेवली होती.

"गाडी छोडूँ तो गिरेगी और शाल कस जाएगी," तो माणूस म्हणाला. नवऱ्याचाच आवाज होता तो, कोरडा पडलेला. "स्टँड पर चढ़ती नहीं, पहिया जाम है. पीछे करूँ तो भी कसती है. कांचन, हिलना मत."

नानांनी एका नजरेत सगळं पाहिलं. चौतीस वर्षांची सवय होती ती. नवरा गाडी सोडू शकत नव्हता. बायको गाडीला बांधलेली होती. गाडी रस्त्यातून हलवता येत नव्हती. आणि मागचा रस्ता उघडा होता. पिकअपवाल्याला दिसलं होतं. पुढच्याला दिसेलच असं नाही.

मोकळी माणसं दोनच होती. एकाने शाल कापायची, आणि एकाने मागे जायचं.

"मी जाते मागे," स्वरदा म्हणाली. "तुमचा मफलर द्या."

ट्रकच्या तोंडासमोर ही पोर उभी राहणार. नानांनी मान हलवली. मग दुसरं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते जास्त वाईट होतं. ते स्वतः धुक्यात निघून जातील, आणि मागे राहील स्वरदा, एकटी, या पाना घेतलेल्या माणसापाशी. दोनशे पावलांवरून त्यांना काहीही दिसणार नव्हतं. ते प्रतिमाला काय सांगणार होते?

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं. त्याने पाना पुढे केला. "ये लीजिए चाचा. बिटिया को दे दीजिए."

नाना संकोचले नाहीत. त्यांनी पाना घेतला आणि स्वरदाच्या जाकिटाच्या खिशात टाकला. हातात अडकित्ता दिला. "वेढ्याखाली आपलं बोट घाल, मगच काप. थोडं थोडं, घाई नको. सुटली की गाडी मातीत घ्या, आणि मला दोन लांब हॉर्न दे. दोन. एकावर मी येणार नाही."

"माहीत आहे," स्वरदा म्हणाली. ती आधीच गुडघ्यांवर बसली होती.

नाना हेल्मेट काढून, मफलर हातात घेऊन, रस्त्याच्या कडेने मागे चालू लागले. पावलं मोजत. पन्नासाव्या पावलाला त्यांनी वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, पांढरा रंग होता. शंभर. रुळांवर होते तेव्हा पायाखाली खडी वाजायची, पुढे काय आहे ते ठाऊक असायचं, आणि गाडी रूळ सोडून अंगावर येत नसे. इथे काहीच ठरलेलं नव्हतं. दीडशे. मागून काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज आला. नाना थांबले. "स्वरदा?" त्यांनी हाक मारली. धुक्याने हाक गिळली. परत फिरावंसं वाटलं, एक पाय वळलासुद्धा. पण समोरून इंजिनाची घरघर येत होती.

ते धावले. कित्येक वर्षांनी धावले. मफलर दोन्ही हातांत ताणून त्यांनी डोक्यावर धरला आणि हलवू लागले, जसा लाल बावटा हलवायचा तसा, अंगभर.

दोन पिवळे डाग दिसले, मग ट्रकचं तोंड. ब्रेक किंचाळले. नाना मातीत उडी घेऊन पडले, उठले, तरी मफलर हलवत राहिले. ट्रक जवळजवळ थांबला.

"मरना है क्या, बाबा?" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

"आगे गाड़ी खड़ी है. औरत फँसी है. दाहिने से, धीरे."

ट्रक रांगत पुढे गेला. त्याचा मागचा लाल दिवा दिसेनासा झाला आणि नाना श्वास रोखून ऐकत राहिले. काही आपटलं नाही. त्यानंतर एक बस आली, मग एक मोटार. प्रत्येक वेळी तोच मफलर, तीच वाट पाहणं. हाताची बोटं बधिर झाली होती. किती वेळ गेला ते सांगता आलं नसतं. शाल कापायला इतका वेळ लागतो का?

मग हॉर्न वाजला. एक. लांब, मरगळलेला, शेवटी घुसमटत बंद झालेला.

नाना दुसऱ्याची वाट पाहू लागले.

दुसरा आला नाही. ती विसरली असेल? ती विसरणारी नव्हती, खेळात विसरायची ती मुद्दाम. मग तिचा हात कुणी धरला असेल? एकावर येणार नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. ते पळत गेले, आणि तेवढ्यात मागून ट्रक आला, तर? ते गेले नाहीत, आणि तिकडे ती हाका मारत असेल, तर? त्यांनी मफलर छातीशी धरला. घरघर पुन्हा ऐकू येत होती. ते उभे राहिले. ओठ हलत होते, पण देवाचं नाव की नातीचं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

टँकर होता. तो हळू झाला, गेला. आणि त्याच्या घरघरीमागून, दूरवरून, दुसरा हॉर्न आला. पातळ, पिपाणीसारखा. आपल्या स्कूटरचा. पुन्हा एकदा, तेवढाच लांब.

नाना जवळजवळ पळतच परत आले. मोटरसायकल मातीत आडवी होती. कांचन शेजारी बसली होती, गळ्यावर लाल वळ, मांडीवर शालीच्या चिंध्या. स्वरदा धापा टाकत धुक्यातून धावत आली.

"त्यांची बॅटरी गेली, नाना. एक बजा और खतम. मग स्कूटरपर्यंत पळाले. घाबरलात?"

"नाही," नाना म्हणाले, आणि तिचा हात धरून उभे राहिले. बराच वेळ.

"आपसे पहले सात लोग निकल गए," कांचनचा नवरा म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "पिछले हफ़्ते हम भी एक को छोड़ आए थे. वो वीडियो देखा था न."

"हम ही बोले थे, मत रुको," कांचन घोगऱ्या आवाजात म्हणाली.

स्वरदाने खिशातला पाना काढून त्याला दिला. परीक्षेला ती वीस मिनिटं उशिरा पोचली.

संध्याकाळी नानांनी प्रतिमाला सगळं सांगितलं, शब्द मोडल्यापासून सुरुवात करून. ती ऐकत राहिली, मग उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशीही परीक्षा होती आणि धुकंही. दारात प्रतिमा म्हणाली, "माझं म्हणणं तेच आहे. थांबायचं नाही." नाना मान डोलावणार, तोच तिने एक पिशवी पुढे केली. आत तिची शिवणाची मोठी कात्री होती आणि टॉर्च. "आणि थांबलातच, तर हे डिकीत असू दे. अडकित्त्याने कुणी शाल कापतं का?"

स्वरदाने पिशवी डिकीत ठेवली. लाल मफलर कालपासून तिथेच होता.

नाना मागे बसले. कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा आज दिसत नव्हतं. त्यांनी नातीचा खांदा धरला, कालच्यापेक्षा जास्त घट्ट, आणि म्हणाले, "हळू चालव गं."