हजेरीपटावर सही नव्हती

सोमवारी सकाळी संध्यानं नवऱ्याला कुशीवर वळवलं, पाठीवरच्या जखमा पुसून मलम लावलं आणि जालन्याच्या बससाठी पिशवी उचलली.

"आज तरी ठरंल का काही?" संघपालनं विचारलं.

"ठरंल की. साहेब येऊन राह्यले म्हन्तात आज."

दोन वर्षं ती हेच सांगत होती.

संघपाल नगरपालिकेच्या अग्निशमन दलातला जवान. कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली तो त्याच्या सुट्टीचा दिवस होता. गाडीवर माणूस कमी, म्हणून फोन आला आणि तो ताटावरून उठून थेट आगीकडं धावला. गोजरबाई नावाच्या मजूर बाईला त्यानं उचलून बाहेर आणलं. पुन्हा आत शिरला तेव्हा भिंत कोसळली. कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं.

जखमी जवानाच्या मदतीसाठी अर्ज गेला. पण त्या दिवशी हजेरीपटावर त्याची सही नव्हती. तो कर्तव्यावर होता की नव्हता, एवढ्यावरच फाईल टेबलाटेबलांवर फिरत राहिली. गोजरबाईनं दोनदा जबाब दिला. "मला उचलून आनलं तवा त्यो काय लग्नाला आल्ता?" तिचं हे वाक्य कुणी लिहून घेतलं नाही.

त्या सोमवारीही साहेब आले नाहीत. महिन्याभरात जखमा चिघळल्या, ताप उतरेना. संघपाल गेला.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर चौथ्या दिवशी पत्र आलं: तपासणीसाठी अर्जदाराने समक्ष हजर राहावे.

पत्र घेऊन संध्या कचेरीत गेली. कारकून राधेश्यामनं सगळं ऐकून मान खाली घातली. "ताई, हा अर्ज आता बंद होईल. मृत्यूचा नवा करा."

"नवा न्हाई करनार. याच्यावरच लिहा, निर्णय होईस्तोर मानूस गेला. अन् खाली सही करा."

"असं लिहायची पद्धत नाही, ताई."

"मंग मानूस मरू द्यायची हाय का?"

राधेश्यामनं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. दुपार कलली तरी संध्या उठली नाही. शेवटी त्यानं तिनं सांगितलं तसंच लिहिलं. खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात जाफराबादची शिवकन्या बसली होती. पुरातून माणसं काढताना तिचा होमगार्ड नवरा जायबंदी झाला होता. त्याचीही फाईल आठ महिने आत पडून होती.

संध्यानं तिच्या हातातले कागद घेतले. "मालक हायेत ना अजून?"

"हायेत."

"मंग ऊठ, बाई. जल्दी कर."

दोघी पुन्हा आत शिरल्या.