आमच्या गल्लीत मुलं किती होती

बबडी सात महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. ऑफिसनं फार गोड शब्दांत कळवलं, की आता पुढं वाढवून मिळणार नाही. सोमवारपासून यायचं.

तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्न खरं म्हणजे कुणालाच पडला नव्हता. आईनं तो बबडी माझ्या पोटात असतानाच सोडवून टाकला होता. माझी जुनी खोली तिनं रिकामी केली, खिडकीला जाळी बसवली, टेबलाच्या कोपऱ्यांना कापड गुंडाळून बांधलं. "तुझी बस आपल्या नाक्यावरूनच जाते. बबडीला सोड आणि पुढं जा," असं ती प्रत्येक फोनवर सांगायची, जणू मला ती बस माहीतच नव्हती.

घोटाळा झाला तो मुलांच्या डॉक्टरांमुळे. बबडीला वरचं सुरू करायचं होतं, तेव्हा ते म्हणाले, "पाणी उकळूनच द्या. काही भागांत कावीळ असते."

"कुठल्या भागांत?"

"आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर सगळं असतं, बघा हवं तर." त्यांनी मला कटवायला म्हणून सांगितलं असणार. त्यांना मी अजून नीट माहीत नव्हते. बाळाची गाडी घेताना मी तिच्या चाकांबद्दल इतकं वाचलं होतं, की नवरा म्हणाला, "आता गॅरेजच टाक."

दुपारी बबडी झोपल्यावर मी बसले. वेबसाइट उघडायला इतका वेळ लागला, की मध्ये उठून मी दोनदा बबडीच्या नाकाखाली बोट धरून आले. मग शहराचा नकाशा आला. त्यावर वॉर्ड, वॉर्डांत छोटे छोटे तुकडे. आजार निवडा: कावीळ. वय निवडा: चौदापर्यंत. वर्ष निवडा: मी काहीच निवडलं नाही, मला सगळंच हवं होतं. नकाशा रंगत गेला. कुठं फिकट पिवळा, कुठं नारिंगी. आणि नदीकडच्या बाजूला एकच तुकडा गडद तपकिरी, जळल्यासारखा. मी बोटांनी तो मोठा केला. आमची गल्ली. आईचं घर.

नवरा घरी आल्यावर त्याला दाखवलं. त्यानं नकाशा मागं-पुढं सरकवून बघितला आणि म्हणाला, "तुझा हा नकाशा बघून माणसानं जन्मालाच येऊ नये." पण मग हळूच म्हणाला, "आपल्या कोपऱ्यावरच्या पाळणाघरात एक जागा आहे अजून. शनिवार संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आईंना कोण सांगणार?"

शनिवारी सकाळी मी बबडीला घेऊन आईकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून. आईनं बबडीला माझ्या हातातून घेतलं, खोलीत नेऊन सतरंजीवर ठेवलं, आणि मला म्हणाली, "तोंड का असं झालंय? ऑफिसचं काही आहे का घरातलं?"

मी फोन पुढं केला. तिनं चष्मा शोधला, लावला. तपकिरी तुकडा बघितला, खालची ओळ वाचली: कावीळ, चौदापर्यंतची मुलं.

"म्हणजे माझं घर घाण आहे म्हणतेस तू."

"घर नाही गं. गल्ली."

"गल्ली म्हणजे मीच की! सगळी नोकरी ह्या गल्लीला सुया टोचण्यात गेली माझी." आई गल्लीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. बाबासुद्धा, चिडले की. "ह्याच गल्लीत वाढलीस तू. सांग, कुणाला कावीळ झालेली आठवते?"

मी आठवायला लागले. एकच आठवला. टिंग्या. तो डोळ्यांची खालची पापणी ओढून पिवळं दाखवायचा आणि ते बघायला आमच्याकडून गोळ्या-चॉकलेटं उकळायचा.

"एक टिंग्या," मी म्हणाले.

"मग?"

मग मी ते केलं, जे मी आधीच करायला हवं होतं. नकाशाच्या खाली, अगदी तळाशी, तक्ता उतरवून घ्यायची सोय होती. तो उतरवला, वर्षावार लावला. सगळ्यात वाईट वर्ष निघालं मी चौथीत होते ते. आमच्या तुकड्यात कावीळ झालेली मुलं: चौतीस.

कॉलेजात आमच्या संख्याशास्त्राच्या बाई होत्या. कुणी कुठलाही आकडा सांगितला, की त्या भुवई उचलून विचारायच्या, "कितीपैकी?" परीक्षेत मला काय आलं असेल ते असो, तेवढा प्रश्न मात्र डोक्यात राहिला होता. आणि इतके दिवस घाबरायच्या नादात मी तो विचारलाच नव्हता.

"आई, मी चौथीत असताना गल्लीत मुलं किती होती?"

"मला काय माहीत?"

"मोजूया. दवाखान्याकडून सुरू कर."

आणि आम्ही मोजायला लागलो. बबडी मध्ये पालथी, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई, आणि आम्ही दोघी बोटांवर मोजत त्या गल्लीतून चाललो होतो.

"पहिलं घर कुलूपवाल्यांचं. दोन."

"तीन. धाकटी रांगत होती, तिला विसरलीस. तिचं एक दुपटं आपल्याकडं आलं होतं ना?"

"उलटं. तुझं दुपटं तिच्याकडं गेलं. परत आलं नाही." आईला ते अजून लागलं होतं. "मग मास्तरीणबाई. जुळे."

ते जुळे! एकाला ठेच लागली की दुसरा रडायचा, आणि मास्तरीणबाई नेमकं चुकीच्याला उचलून घ्यायच्या. मग घड्याळवाल्यांची एकुलती एक, जिच्या घरात सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवायची, म्हणून ती शाळेत कायम उशिरा. तिच्यापुढं टिंग्याचं घर, टिंग्या धरून चार. जिन्याखालच्या खोलीत शिंपीकाका, त्यांना मुलंच नाहीत, कारण बायकोच नाही. पण त्यांच्या दुकानातल्या रंगीत चिंध्यांवर आमचा सगळ्यांचा हक्क होता, आणि माझ्या सगळ्या बाहुल्या त्यांच्या गिऱ्हाइकांच्याच कापडांत फिरायच्या. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ते मशीन थांबवून बाहेर येऊन बसायचे, तो आवाज थांबला की आम्हाला कळायचं, आता घरून हाका येणार. आणि यायच्याच. एकेका दारातून एकेक हाक, प्रत्येकीचा सूर निराळा. आईची हाक सगळ्यात शेवटी, कारण तिचा दवाखाना उशिरा सुटायचा. गल्ली रिकामी व्हायची आणि मी एकटीच पायरीवर, पांढऱ्या कपड्यांतली ती लांबून कधी दिसते ते बघत.

"कुठं गेलीस?" आई म्हणाली. "अजून आपली बाजू राहिलीय."

ती बाजूही झाली. कुणाचा तरी भाचा शिकायला राहिला होता, त्याला धरायचं की नाही ह्यावर आम्ही भांडलो. शेवटी धरला.

"बावीस," मी म्हणाले. "चौतीस मुलांना कावीळ. बावीसपैकी!"

आईला हसूच फुटलं. मलाही. आम्ही दोघी हसतोय म्हणून बबडीही हसायला लागली. आणि मग आईचं हसू मध्येच थांबलं. तिनं चष्मा काढला.

"खाणीवरची पोरं ती," ती म्हणाली.

दगडांची खाण मोठ्या रस्त्याच्या पलीकडं होती आणि रस्ता ही वॉर्डाची हद्द. दवाखान्यात केसपेपर काढायला वॉर्डातला पत्ता लागायचा. खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती पलीकडं. त्यांचा दवाखाना तीन टेकड्या ओलांडून, आणि तिथं डॉक्टर असतीलच असं नाही.

"पहिल्यांदा एक बाई आली. पोराचे डोळे हळदीसारखे, अंग तापलेलं. खिडकीवर कारकून होते ना आपले, शिक्केवाले? ते म्हणाले, पत्ता हद्दीतला नाही. ती बाई तिथंच खाली बसली. मी म्हटलं, लिहा माझा पत्ता. त्यांनी लिहिला. मग दुसरी आली. मग काय, येतच राहिल्या."

"सगळी आपल्या घरी?"

"एका घरात किती घालणार? मग मी शेजारी विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही हं. शिक्केवाले मान वर न करता विचारायचे, सिस्टर, आज कुणाच्या घरी? मी सांगायची, आज मास्तरीणबाईंकडे. एकदा शिंपीकाका दवाखान्यात खोकल्याचं औषध न्यायला आले, शिक्केवाल्यांनी त्यांचा पत्ता काढला आणि विचारलं, पोरं बरी आहेत का? काका बाहेर येऊन माझ्यावर ओरडले, सिस्टर, माझं लग्न व्हायचंय अजून, आणि तेरा पोरं!"

मला एकदम ती मुलं आठवली. औषध घेऊन झालं की ती आमच्या पायरीवर बसायची आणि आई त्यांना साखरपाणी द्यायची. त्यातली एक मुलगी पाच खडे एकदम उडवून हाताच्या मागच्या बाजूवर झेलायची. मी तिच्याकडून शिकले. ती पाहुणी आहे, एवढंच मला वाटायचं. कुणाची, हे मी कधी विचारलं नाही.

मी भराभर तक्ता खाली सरकवला. आई निवृत्त झाली त्या वर्षापासून आमची गल्ली एकदम स्वच्छ. एक, शून्य, शून्य, एक. बबडीची काळजी मिटली. मी आईला ते दाखवलं, "बघ, तू घरी बसलीस आणि गल्ली बरी झाली!" मी थट्टेनं म्हणाले, पण ती हसली नाही.

"खाणीवरची वस्ती दाखव त्यात."

मी नकाशा रस्त्यापलीकडं सरकवला. पांढरा. त्या चौथीच्या वर्षी पांढरा, आधी पांढरा, नंतर पांढरा. शून्य.

आईनं त्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पाचवीत होतीस ना तू, आपली गल्ली खोदली तेव्हा?"

होते की. ती आमची सगळ्यात सुंदर सुट्टी! गल्लीभर मोठमोठे पाइप येऊन पडले होते. आम्ही त्यांत शिरून एकमेकांची नावं घ्यायचो, आणि ती पलीकडून जाड होऊन बाहेर पडायची. जुळ्यांना पाइपात झोप लागली होती आणि मास्तरीणबाईंनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती.

"मला वाटलं आपलं नशीब," आई म्हणाली. "एक टिंग्या सोडला तर गल्लीत कुणाला काही झालेलं नाही आणि आपल्याला नवे नळ. हे असलेच आकडे बघून घातले असणार."

"आणि तिकडं?"

"टँकर. खाण बंद झाली, वस्ती आहे तिथंच आहे. अजून टँकरच येतो."

मी म्हणाले, "तू पत्ता दिला नसतास तर त्यांना औषधसुद्धा मिळालं नसतं."

"नसतंच मिळालं," आई म्हणाली. तिचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही नाही. बबडीच्या पाण्याचा नळ स्वयंपाकघरात होता. तो त्या मुलांच्या आकड्यांवर आला होता.

थोड्या वेळानं तिनं बबडीला उचलून माझ्या मांडीत दिलं. "आता तुझं तू ठरव. नकाशा खोटा आहे असं मी सांगतेय, आणि तो खोटा केलाही मीच. असल्या माणसाच्या शब्दावर पोर ठेवायची की नाही, ते तू बघ. पाळणाघरात घातलंस तरी मी रुसणार नाही."

ती रुसणार नव्हती, हे खरं होतं. ती ती खोली तशीच ठेवणार होती, हेही मला दिसत होतं. मी नवऱ्याला फोन लावला. तिच्यासमोरच.

"पाळणाघराला नाही म्हणून कळव."

"अगं, पण तो नकाशा?"

"त्यातली मुलं ओळखीची निघाली. घरी येऊन सांगते."

आईनं तोंड फिरवलं आणि उगाचच खिडकीची जाळी ओढून बघितली.

सोमवारी मी बबडीला घेऊन पोचले, तर आई दारात तयार उभी. चांगले कपडे, खांद्याला पिशवी, केस चापून बसवलेले.

"कुठं निघालीस?"

"आरोग्य खात्यात. त्यांना खाणीवरचं सांगून येते."

"आई, वेबसाइटवर चूक कळवायची सोय आहे. मी संध्याकाळी लिहून देते."

"ते कोण वाचतं? मी समोर जाऊन बसले की उठवायला तरी कुणीतरी येईल."

"आणि बबडी?"

"येईल की माझ्याबरोबर."

माझ्या डोळ्यांपुढं ते सरकारी ऑफिस उभं राहिलं. बंद खिडक्या, बाकावर खोकणारी माणसं, कुणीतरी बबडीचा गाल ओढणार, कुणीतरी बोट तिच्या तोंडात देणार. "आई, तिथं गर्दी असते. सगळे आजारी लोक येतात. ती सात महिन्यांची आहे!"

"मी आयुष्यभर आजारी लोकांतच होते. तू काय आजारी पडलीस का?"

"पडले की. दर महिन्याला."

"मग जगलीस ना?" ती म्हणाली. पण मग माझ्या तोंडाकडं बघून आवाज उतरवला. "बाकावर नाही बसत. बाहेर झाडाखाली बसते, नंबर आला की आत. कुणाला हात लावू देत नाही. तू म्हणालीस नको, तर नाही जात आज."

ती खरंच गेली नसती. मी नको म्हणायची तिनं वाट बघितली. नाक्यावर बस आलेली मला दिसत होती. मी माझ्या पिशवीतली बबडीची टोपी काढली, तिच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली, उकळलेल्या पाण्याची दुसरी बाटली आईच्या पिशवीत घातली आणि पिशवीची चेन लावून दिली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. फोन मी सारखा हातात घेत होते, पण आईला लावला नाही.