नमुन्याचा रुग्ण

मला दिसत नाही, म्हणून तर हे काम मिळालं. रुग्णालयांच्या वेबसाइटना श्रेणी देणारी एक समिती आहे. डोळस सभासद रंग आणि फोटो बघत बसतात. आंधळ्याला ती वेबसाइट वापरता येते का, ते मी सांगतो. म्हणजे माझ्या फोनमधली बाई सांगते. पडद्यावर जे असेल ते ती मोठ्याने वाचते.

आमच्या भागातल्या मोठ्या रुग्णालयाला मी दोनदा नापास केलं होतं. तपासणीचे रिपोर्ट ते कागदाचा फोटो काढून टाकायचे, आणि फोटो बाईला वाचता येत नाही. नंतर त्यांनी सुधारणा केली म्हणे. समितीला तपासायला त्यांनी दिलेल्या नमुन्याच्या रुग्णाचा रिपोर्ट मी उघडला, तर बाईने घडाघडा वाचला. एकच पान, सगळं ठीक. मी खूश होऊन पैकीच्या पैकी दिले. पहिली श्रेणी मिळाल्याचं त्यांनी गावभर मिरवलं.

मग माझंच पोट दुखायला लागलं. दुसरीकडे कशाला जाऊ? त्याच रुग्णालयात तपासण्या करून घेतल्या. आयुष्यभर माझी पत्रं आधी दुसऱ्यांनी वाचली. हा रिपोर्ट तरी मला पहिल्यांदा, एकट्याने ऐकायचा होता.

रिपोर्ट आला तेव्हा दार लावून फोन कानाशी धरला.

"चित्र, पान एक," बाई म्हणाली. "चित्र, पान दोन. चित्र, पान तीन."

अक्षरं ओळखणारं ॲप लावून पाहिलं. फोटो इतका वाकडा आणि पुसट, की त्यालाही काही कळेना. हेल्पलाइनला फोन केला.

"सर, आमच्या वेबसाइटला पैकीच्या पैकी मिळालेत," तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"ते मीच दिलेत."

"अरे वा! मग तुम्हाला माहीतच असेल. घरात असेल ना कुणीतरी वाचून दाखवायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुधारणा त्यांनी फक्त नमुन्याच्या रुग्णापुरती केली होती, मी तपासायला येणार म्हणून.

शेवटी फोन दादाच्या हातात दिला. स्वयंपाकघरात वहिनी भांडी घासत होती. दादाने तिला हळूच जवळ बोलावलं. भांड्यांचा आवाज थांबला.

"काही नाही रे, सगळं ठीक आहे."

"तीन पानं आहेत, दादा."

"बाकीची... त्यांची जाहिरात आहे."

दादाला थाप मारता येत नाही, माझ्यापाशी तर मुळीच नाही. मरणाची भीती मला नंतर वाटली. आधी संताप आला. माझ्या पोटात काय आहे ते आता घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आली. माझ्या चहात एका चमच्याच्या वर साखर नको, म्हणून ती वर्षानुवर्षं माझ्याशी भांडते.

"भाऊजी, आज दोन चमचे घातलीय हं साखर."

मी चहा प्यायलो. ती गेल्यावर दार लावलं आणि नमुन्याच्या रुग्णाचा रिपोर्ट पुन्हा उघडला. बाईने तो शेवटपर्यंत वाचून दाखवला. असा माणूस जगात कुठेच नाही, आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे.