ज्याच्या घरी आजारपण

हौशीरामने कागदावर पाकळीच्या कडेची रेघ अर्धीच सोडली आणि कान दिला. खालून बायकांचं हसणं वर येत होतं. देवराईच्या या टोकाला एरवी फक्त पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येई. छत्री सावरत तो झाडांच्या कडेपर्यंत आला आणि खाली बघत राहिला.

भाताची आवणी चालली होती. पण आज ज्याची पाळी होती त्या कुशाबाच्या खाचरात नव्हे. वाकलेली सगळी माणसं त्याच्या स्वतःच्या खाचरात होती. आधी त्याला वाटलं, धुक्यात आपला बांध चुकला. मग बांधावरचा तो वाकडा उंबर दिसला.

आठवडाभर तो घोडेगावच्या एका पतसंस्थेत कारकुनी करी. पहाटेच्या एसटीने जायचं, दिवेलागणीला परतायचं. पडकईत घरटी एक माणूस लागे. सगळ्यांनी मिळून आज याचं खाचर लावायचं, उद्या त्याचं. इतर दिवशी त्याची बायको मंगल चिखलात उभी राही, रविवारी तो. आणि फांदीवर फुललेलं ते आमरीचं पांढरं फूल पुढच्या रविवारपर्यंत टिकणार नव्हतं. देवाच्या रानातलं फूल तोडायचं नसतं. ज्याला ते हवं असेल त्याने तिथंच बसून कागदावर काढावं. कित्येक वर्षं तो असाच, मिळेल त्या वेळात, राईतली झाडं आणि वेली चितारत होता. कशासाठी, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

म्हणून सकाळी मंगलला तो "कुशाबाकडं जातो" असं सांगून निघाला, आणि वाटेत कुशाबाला गाठून म्हणाला, "मंगलला बरं न्हाई. अंग लई तापलंय. मी आज घरीच थांबतो."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. असती, तर गावाची रीत ध्यानात राहिली असती. ज्याच्या घरी आजारपण, त्याचं खाचर आधी.

त्याने कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याखाली खोचला. क्षणभर वाटलं, सगळे जाईपर्यंत इथंच बसावं. पण दुपारी ही माणसं भाकरीला त्याच्याच घरी जाणार होती, आणि तिथे मंगल धडधाकट भांडी घासत बसलेली असणार होती. तो उतरू लागला.

"आरं हौशा!" कुशाबाने वाकल्या वाकल्याच हाक मारली. "तू रानातनं कुठनं उगवला? मला वाटलं घरी बसलाय."

"पाला... पाला बघत व्हतो. काढ्याला."

"गावला का?"

"न्हाई."

रांगेतल्या सारजाबाईने रोपांची मूठ पाण्यात आपटून माती झाडली. "बघा गं बायांनो! बायको आजारी पडली तर भाऊजी पावसात रान पालथं घालत्यात. नायतर आमचा धनी! मी मेले तरी म्हणंल, आधी च्या ठेव, मग जा."

तिचा नवरा शेजारीच वाकलेला होता. "च्या तर लागंलच की," तो म्हणाला. "रडायला ताकद नको?"

सगळी रांग हसली. हौशीरामने मान खाली घातली.

"कुशाबा, आज तुमचं खाचर व्हतं."

"माझं कुठं पळून चाललंय? जा तू घरला. गोजर गेलीय भाकरी टाकायला."

घराच्या उंबऱ्यातच तो थांबला. म्हातारी गोजरबाई चुलीपुढे बसली होती. पलीकडे भिंतीशी मंगल घोंगडी पांघरून पडली होती. म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

"ऐकतच नव्हती," गोजरबाई म्हणाली. "भांडी घेऊन बसली व्हती. म्हटलं, नवऱ्यानं गावभर सांगितलंय आन् तू लपवती कुणापासनं? हाताला धरून निजवली."

मंगलने त्याच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. चारचौघांत तिने त्याची लाज राखली होती. त्याला तिथे उभं राहवेना. पिशवी फळीवर ठेवून तो मागच्या मागे खाचरात गेला आणि रांगेच्या टोकाला उभा राहून रोपं लावू लागला. दुपारी सगळे जेवायला उठले, तेव्हा भूक नाही म्हणाला. कुशाबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काळजी नगं करू रं. ताप हाय, उतरंल." तो हात दूर होईपर्यंत हौशीरामने श्वास धरून ठेवला.

दिवस कलताना माणसं आपापल्या वाटेने गेली. पाय धुऊन तो आत आला आणि मंगलच्या उशाशी बसला. सांगायचं काय, ते त्याने चिखलात वाकून वाकून जुळवलं होतं.

"मंगल, सकाळी मी..."

"तुमाला कळलं कसं?"

"काय?"

"परवापासनं कणकण व्हती. मी तर कुणाला बोलले न्हाई. म्हटलं आवणी उरकू दे, मग बघू." ती थांबली, दम घेतला. "गोजरआत्या आली आन् म्हनली, हौशानं सांगितलंय तुला ताप हाय. मला खरंच वाटंना. सकाळी तुमी माझ्याकडं बघितलंबी नव्हतं."

त्याने हात पुढे केला. कपाळ चटका बसावा इतकं तापलं होतं.

"मला वाटायचं, तुमचं ध्यान भलतीकडंच असतंय," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते, पण ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "उगाच मनात राग धरला."

जुळवलेलं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात उचलू लागला.

"ऱ्हाऊ द्या," मंगल म्हणाली. "गार लागतोय."

त्याने हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने तोही तापला, तेव्हा त्याने दुसरा ठेवला.