नत्थूजींनी लेकीसाठी लिहिलेलं मानपत्र

हुडकेश्वरच्या नत्थूजी हटवारांनी आयुष्यात दोनशेच्या वर मानपत्रं लिहिली असतील. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण समाजात ओळख मानपत्रवाले म्हणूनच. कोणी मास्तर रिटायर होवो, कोणाची पोरगी तलाठी होवो, समाज मंडळाचे अध्यक्ष मारोतराव आधी नत्थूजींना फोन लावायचे, मग हारवाल्याला. मानपत्रात खोटं लिहायचं नसतं, खरं फक्त फुगवायचं असतं, असं नत्थूजींचं मत. दोन झाडं लावणारा त्यांच्या हाताखाली वृक्षमित्र होई आणि शेजाऱ्यांच्या भांडणात मध्ये पडणारा थोर समाजसुधारक. ऐकणाऱ्यांना हे ठाऊक असतं, सत्कारमूर्तीलाही असतं, आणि तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येतंच. यात कोणाचं काय बिघडतं?

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांची एकुलती एक मुलगी मयुरा डॅलसहून घरी आली. आठ वर्षं तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. व्हिसाची मुदत वाढून मिळाली होती, पण पासपोर्टवरचा नवा शिक्का मुंबईच्या वकिलातीतूनच घ्यायचा होता. सतरा डिसेंबरला मुलाखत, पंचवीसला परतीचं विमान. मधल्या एका रविवारी मंडळाने तिचा सत्कार ठेवला. आता स्वतःच्या लेकीचं मानपत्र म्हटल्यावर नत्थूजी थोडक्यात आवरणार होते थोडेच! चार दिवस खपून त्यांनी लिहिलं: 'उच्च पदावर कार्यरत असतानाच आपण आजोळच्या भिवापुरी मिरचीचा यशस्वी व्यवसाय उभारून सातासमुद्रापार विदर्भाचा झेंडा रोवला आहे.'

खरं एवढंच होतं की मयुराची आई पुष्पलताबाई दरवर्षी माहेरच्या मिरचीचं पाच किलो तिखट लेकीला पाठवायच्या आणि लेक ते मैत्रिणींना फुकट वाटायची. एकदा तिथल्या गणपतीत टेबलावर तिखटाची पाकिटं मांडून तिने फोटो पाठवला होता. नत्थूजींनी तोही जोडला. मारोतरावांनी सगळं मयुराच्या नावासकट फेसबुकवर चढवलं, एका बातम्यांच्या पोर्टलने ते उचललं, आणि खाली लोक विचारू लागले, 'ऑर्डर कुठे द्यायची?' नत्थूजींनी एकेकाला जातीने उत्तर दिलं: 'कु. मयुरा हटवार, डॅलस, यांच्याशी संपर्क साधावा.' सोबत तिचा अमेरिकेतला नंबर.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात यावं?

सत्काराच्या हाराची फुलं सुकली नव्हती तोच वकिलातीचा मेल आला. मुलाखत पुढे ढकलली होती, थेट सव्वीस मार्चला. अमेरिकन सरकारने नवा नियम काढला होता. नोकरीच्या व्हिसावाल्यांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती सगळ्यांना उघडी ठेवायची, अधिकारी ती तपासणार, आणि तपासायला वेळ लागणार. कंपनीने कळवलं की भारतात बसून काम चालणार नाही, एकतीस मार्चपर्यंत बिनपगारी रजा देऊ, त्यानंतर जागा भरू. दुसऱ्या कंपनीने बोलवायचं तर त्या कंपनीला नव्या अर्जावर लाख डॉलर भरावे लागणार होते. म्हणजे ही नोकरी गेली की दार बंद.

मयुरा चार आठवड्यांचे कपडे घेऊन आली होती. तेच धुऊन धुऊन घालू लागली. पुष्पलताबाईंनी लेकीच्या आवडीचं सगळं करून झालं, सांभारवडी दोनदा झाली, मग त्याही रोजच्या वरणभातावर आल्या. दूध आणायला निघालं की कोणी ना कोणी हटकायचंच, "काहून नत्थूजी, पोरगी अजून इथंच? कंपनीनं काढलं का गा?" नत्थूजी दूध दुसऱ्या गल्लीतून आणू लागले. तिथेही माणसंच राहत होती.

जानेवारीत एका संध्याकाळी कंपनीच्या वकिलाशी मयुराचं व्हिडिओवर बोलणं झालं. नत्थूजी चहा घेऊन खोलीत गेले होते. इंग्रजी त्यांना कळत होतं. वकील विचारत होता, तुम्ही दुसरं काही काम करता असं कुठे लिहिलेलं आहे का? मयुरा म्हणाली, छे, कुठेच नाही. सत्कारात मानपत्र वाचलं जात होतं तेव्हा ती थोरामोठ्यांच्या पाया पडण्यात गुंतली होती, आणि मंडळाच्या पोस्टा ती कधी वाचतच नसे. फोन ठेवून तिने आईला समजावलं, "आई, या व्हिसावर फक्त याच कंपनीचं काम चालते. दुसरा धंदा करून राहिली असं नुसतं दिसलं, तरी खेळ खतम."

नत्थूजींनी चहा तिथेच ठेवला. बाहेर येऊन त्यांनी मोबाइलवर मंडळाची ती पोस्ट उघडली.

अकरा दिवस त्यांनी हे पोटात ठेवलं. आधी स्वतःची उत्तरं पुसली. मग मारोतरावांकडे गेले.

"ते पोस्ट काढून टाका भाऊ."

"काहून काढू?" मारोतराव चकित झाले. "चारशे लाइक आहेत. अन काढलं तं लोक म्हनतीन, पोरीचं काहीतरी लफडं झालं."

पोर्टलचा फोन कोणी उचलेना. कोणाकोणाच्या फेसबुकच्या भिंतीवर ते मानपत्र चिकटलं होतं याचा हिशेबच नव्हता. ठेवावं तर पुरावा, पुसावं तर लपवाछपवी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही नत्थूजींनी स्वतःच्या हाताने खणलेले. ते घाबरले होते. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ते साहेबाला इतके घाबरले नव्हते, जितके आता लेकीला घाबरले.

बाराव्या दिवशी त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि मोबाइल समोर ठेवला. मयुराने शेवटपर्यंत वाचलं.

"बाबा, काहून लिहिलं असं?"

"मानपत्र होतं वं बेटा. मानपत्रात तसंच लिहितेत."

"हे तुम्हाले माहीत आहे, मले माहीत आहे. वकिलातीतल्या त्या काचेमागच्या माणसाले मी मानपत्र म्हणजे काय हे कसं सांगू? त्याच्यासाठी ती बातमी आहे." आणि डिसेंबरपासून एकदाही न रडलेली मयुरा ओक्साबोक्शी रडली.

वकिलाने एक वाट सुचवली. लिहिणाऱ्यानेच प्रतिज्ञापत्र करून द्यावं. मग नत्थूजी स्टॅम्प पेपर घेऊन बसले. 'मी लिहिलेला मजकूर खोटा आहे. माझ्या मुलीने कोणताही व्यवसाय उभारलेला नाही. तिने परदेशात कोणतेही विशेष कार्य केलेले नाही.' हे शेवटचं वाक्य वकिलाने मागितलंच नव्हतं, घाबरलेल्या हाताने ते जास्तीचं लिहिलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या नोटरीने चष्म्यावरून पाहत विचारलं, "सगळंच खोटं का काका?" नत्थूजी म्हणाले, "हाव, सगळंच." सही केली तेव्हा त्यांना वाटलं, भर चौकात आपण लेकीच्या थोबाडीत मारली.

सव्वीस मार्चला मयुरा एकटीच मुंबईला गेली. सोबत येतो म्हणणाऱ्या बापाला तिने नको म्हटलं. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली.

"चार मिनिटं झाली मुलाखत," ती म्हणाली. "त्या अधिकाऱ्याजवळ दोन्ही होतं, मानपत्रबी अन प्रतिज्ञापत्रबी. त्यानं विचारलं, तुमचे वडील तेव्हा खोटं बोलले का आता?"

पुष्पलताबाईंनी गॅस बंद केला.

"मंग तू काय म्हटलं?" नत्थूजींनी विचारलं.

"मी म्हटलं, तेव्हा. मंग त्यानं लय वेळ टाइप केलं अन हा कागद दिला."

कागदावर लिहिलं होतं की अर्जाची अधिक तपासणी सुरू आहे. किती दिवस चालेल ते नव्हतं, कशासाठी तेही नव्हतं. एकतीस तारखेला कंपनीचा मेल आला. आठ वर्षांच्या सेवेबद्दल आभार होते आणि पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.

त्या दिवशी दुपारी नत्थूजी लेकीसमोर जाऊन बसले. तिने 'हो' म्हटलं असतं तर ते तिच्या पाया पडले असते. 'नाही' म्हटलं असतं तर एकदाचे मोकळे झाले असते.

"पोरी, खरं सांग. माझ्यामुळं झालं ना?"



"मले माहीत नाही, बाबा. मुलाखतीच्या रांगेत माझ्यासोबत मिनल नावाची पोरगी होती, तिच्या बापानं काहीच लिहिलं नव्हतं, तिलेबी असाच कागद भेटला. तुमच्यामुळं असन, नसनही. कोणीच सांगणार नाही आपल्याले, कधीच."

नत्थूजींनी पुन्हा तोंड उघडलं.

"अन हे रोज विचारू नका," ती म्हणाली. "मी आता इथंच आहे."